श्रीलंकेचा प्रवास आणि घरातील वाढती मुले : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (लातूरहून एक भगिनी) : माझा मुलगा 17 वर्षांचा असून त्याने यंदा नीटची परीक्षा दिली आहे. मुलगी 14 वर्षांची आहे आणि जूनमध्ये दहावीत जाईल. दोन वर्षे आमच्या घरात क्लास, टेस्ट आणि गुण यांखेरीज दुसरा विषय नव्हता, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस चौघांनी आठ दिवस श्रीलंकेला जावे असे आम्ही ठरवले. सहल कंपनीने कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, याला, गॉल आणि बेंटोटा असे सात मुक्काम सुचवले आहेत. मुलगा मात्र म्हणतो, "तुम्ही तिघे जा, मी घरीच थांबतो." त्याला आग्रहाने न्यावे का? शिवाय आम्हाला 43 अंशांच्या उन्हाची सवय आहे. तेव्हा तेथील हवेची वेगळी काळजी करण्याचे कारण नाही ना?

उत्तर : मुलाच्या नकाराआधी मी या कार्यक्रमाकडे वळते, कारण त्या नकाराचे निम्मे कारण मला या सात नावांतच दिसते.

श्रीलंकेत पावसाळे दोन आहेत. नैर्ऋत्य मोसमी वारे मे महिन्याच्या उत्तरार्धात तेथे पोहोचतात आणि सप्टेंबरपर्यंत पश्चिम व दक्षिण किनारा तसेच मधला डोंगराळ भाग भिजवत राहतात. ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पूर्वेकडे आणि उत्तरेकडे पडतो. याचा अर्थ असा, की आपण ज्या आठवड्यात निघणार आहात त्या आठवड्यात गॉल आणि बेंटोटा येथील समुद्र खवळलेला असण्याचा संभव मोठा आहे आणि मुलांना पाण्यात पाऊल टाकू न देता खोलीच्या खिडकीतून लाटा दाखवाव्या लागतील. त्याच आठवड्यात पूर्व किनारा, म्हणजे त्रिंकोमाली आणि त्याच्या उत्तरेचे निलावेली, सहसा कोरडा आणि शांत असतो. निलावेलीसमोर सुमारे एक किलोमीटरवर पिजन आयलंड हे प्रवाळांचे संरक्षित बेट आहे. तोंडाला नळी आणि डोळ्यांना मुखवटा लावून पाण्याखालचे मासे पाहण्याची सोय तेथे आहे आणि मे ते सप्टेंबर हाच त्यासाठी चांगला काळ आहे. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की सात मुक्कामांऐवजी तीनच ठेवावेत : सिगिरिया या कातळावरील जुन्या राजधानीपाशी दोन रात्री, निलावेलीला तीन आणि परतताना कँडीत दोन. कोलंबोच्या विमानतळावरून सिगिरिया गाडीने सुमारे चार तासांवर आहे, तेथून त्रिंकोमाली साधारण शंभर किलोमीटर. चालकासह गाडी ठरवल्यास हा मार्ग दमवणारा नाही. नुवारा एलियाचे चहाचे मळे, एल्ला आणि याला राहून जातील. त्याचे वाईट वाटू देऊ नये.

हे मी स्वतःच्या चुकीवरून लिहीत आहे. माझी मुले 13 आणि 16 वर्षांची असताना आम्ही असाच सात मुक्कामांचा कार्यक्रम पैसे भरून घेतला होता. पाचव्या दिवशी एका मळ्यापाशी गाडी थांबली, सगळे खाली उतरले आणि मुलगी काचेला कपाळ टेकवून बसून राहिली. तिच्या मांडीवर अर्धवट बंद झालेली बॅग होती आणि बॅगेतून ओल्या टॉवेलचा कुबट वास येत होता, कारण तीन दिवसांत तो वाळत घालण्याइतका वेळ आम्ही कोठेच थांबलो नव्हतो. मी तिला रागावले. रात्री ती एवढेच म्हणाली, "आई, आपण रोज फक्त बॅगा भरतो." दुसऱ्या दिवशीचे ठिकाण आम्ही वगळले आणि जेथे उतरलो होतो त्या घरीच थांबलो. घरमालकीणबाई कुरडयांच्या सोऱ्यासारख्या साच्यातून तांदळाच्या पिठाच्या शेवया वेताच्या लहान चकत्यांवर पाडत होत्या. माझी दोन्ही मुले तासभर त्यांच्यापाशी उभी राहून साचा दाबत होती. त्या प्रवासातील तेवढा एक तास त्यांना आजही बारकाव्यांनिशी आठवतो.

आता आपल्या मुलाविषयी. दोन वर्षे ज्याचा दिवस इतरांनी आखून दिला, त्याला आणखी आठ दिवस कोणी आखून दिलेले नको असणे स्वाभाविक आहे, आणि माझ्या मते त्याचा नकार श्रीलंकेला नसून त्या वेळापत्रकाला आहे. त्याला जबरदस्तीने नेऊ नये. परंतु "तू नसलास तरी चालेल" असेही त्याच्या कानी पडू देऊ नये. नकाशा, दिवसांची संख्या आणि खर्चाची मर्यादा त्याच्यासमोर ठेवावी, निलावेलीचे तीन दिवस त्याने आणि बहिणीने मिळून ठरवावेत, आणि त्यांनी जे ठरवले त्यात आपण दोघांनी मध्येच बदल करू नये. एखादी दुपार त्यांनी झोपून काढली तरीही. या वयात शरीराचे घड्याळच मागे सरकलेले असते, रात्री उशिरा झोप येते आणि सकाळी लवकर जाग येत नाही. त्याला आळस म्हणून रोज पहाटे पाचला उठवणारी सहल पहिल्या दोन दिवसांतच घराचे वातावरण बिघडवते. पहाटेचे उठणे एकाच दिवशी मागून घ्यावे, सिगिरियासाठी, आणि त्याचे कारण आधी सांगावे. सुमारे 1,200 पायऱ्यांचा तो कातळ ऊन चढण्यापूर्वीच चढावा लागतो. तेथे कड्यावर गांधीलमाश्यांची मोठी पोळी असतात, त्यामुळे शांतता राखण्याच्या सूचना ठिकठिकाणी लावलेल्या आहेत. त्या मुलांना वाचायला लावाव्यात.

सिगिरियाचा आग्रह मी मराठवाड्यातील प्रत्येक कुटुंबाला करते. आपल्या मुलांनी अजिंठा बहुधा शाळेच्या सहलीत, रांगेतून चालत, घाईने पाहिलेला असतो. सिगिरियाच्या कड्यावरील स्त्रियांची चित्रे पाचव्या शतकातील, राजा काश्यपाच्या काळातील आहेत आणि अजिंठ्याच्या पहिल्या व सतराव्या लेण्यांतील, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात रंगवलेली चित्रेही त्याच शतकाच्या उत्तरार्धातील मानली जातात. समुद्रापलीकडे, आपल्या घरापासून इतक्या दूर, आपल्या वाघूर नदीच्या काठच्या चित्रांची सख्खी भावंडे भेटावीत, याचा आनंद मला शब्दांत नीट सांगता येत नाही. निघण्यापूर्वी मुलीला अजिंठ्यातील पद्मपाणीचे चित्र पुन्हा एकदा शांतपणे पाहू द्यावे आणि सिगिरियात फरक तिनेच शोधावा : ढगांतून कमरेपर्यंतच दिसणाऱ्या या स्त्रिया कोण असाव्यात, यावर अभ्यासकांचेही एकमत नाही. चित्रांचे छायाचित्र घेण्यास मनाई आहे. काश्यपाची कथा मुलांना तेथेच सांगावी. बाप धातुसेन याला मारून सत्ता घेतलेला आणि भाऊ मोग्गल्लान याच्या भीतीने कातळावर राजधानी थाटलेला हा राजा सतरा वर्षांच्या मुलाला नक्की विचारात पाडतो.

हवेबद्दल आपला अंदाज चुकीचा आहे, आणि तो आपल्या भागातील जवळजवळ प्रत्येकाचा चुकतो. लातूरचे 43 अंश कोरडे असतात. घाम येतो आणि लगेच उडून जातो, म्हणून शरीर थंड राहते. श्रीलंकेत पारा 32 किंवा 33 अंशांवर असला तरी हवेत इतका ओलावा असतो की घाम अंगावरच राहतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. खेळण्याच्या भरात मुलांना हे कळत नाही. डोके दुखणे, मळमळणे, चिडचिड होणे आणि लघवी गडद पिवळी होणे ही लक्षणे दिसताच सावलीत बसवून ओआरएस किंवा मीठ-साखरेचे पाणी द्यावे. रस्त्यावर नारिंगी रंगाची शहाळी मिळतात, तीही उत्तम. दुपारी बारा ते तीन खोलीत राहण्याचा आपला उन्हाळी नियम तेथेही पाळावा. विषुववृत्ताजवळचे ऊन ढगांतूनही कातडी भाजते, म्हणून पाण्यात उतरताना पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालणे हे क्रीमपेक्षा भरवशाचे आहे.

डासांविषयी एक दिलासा आणि एक इशारा. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये श्रीलंका हिवतापमुक्त झाल्याचे जाहीर केले, परंतु डेंग्यू तेथे आहे आणि तो पसरवणारा डास दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी मावळतीच्या सुमारास चावतो. केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरेशी नाही. प्रवासात किंवा परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर पॅरासिटामॉलखेरीज दुसरे ताप-वेदनेचे औषध स्वतःहून देऊ नये आणि डॉक्टरांना प्रवासाची माहिती आवर्जून सांगावी.

प्रश्न (परभणी जिल्ह्यातील एक वाचक) : आमची दोन्ही मुले, वय 13 आणि 15, गावच्या विहिरीत पोहायला शिकली असून उत्तम पोहतात. त्यांना समुद्रात मोकळे सोडण्यास हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे, आणि पोहणे येत असल्यामुळेच अधिक आहे. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेले मूल खोल पाण्याला भीत नाही, ही त्याची खरी कमाई आहे. पण विहिरीचे पाणी जागचे हलत नाही आणि काठ चार हातांवर असतो. समुद्रात किनाऱ्यावर आलेल्या लाटांचे पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत परतते. तो पट्टा वरून लाटा कमी असलेला, शांत दिसतो आणि नवखा माणूस नेमका तोच निवडतो. त्यात सापडलेले मूल किनाऱ्याकडे तोंड करून पोहत राहते, दमते आणि बुडते. दोन्ही मुलांना निघण्यापूर्वी एवढे पाठ करून घ्यावे : पाणी आत ओढू लागले तर त्याच्याशी झुंजायचे नाही, अंग सैल सोडून तरंगायचे, हात वर करून मदत मागायची आणि किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाजूला निघायचे. जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर कमरेपेक्षा खोल जाऊ देऊ नये. लाल निशाण असेल तर पाय भिजवण्यापुरतेही नाही. पाण्यात मुले असताना एका मोठ्या माणसाने मोबाइल बाजूला ठेवून केवळ त्यांच्याकडे पाहत राहावे. प्रवाळांवर उभे राहू नये हेही सांगावे. पाय कापतो आणि प्रवाळ मरतो.

प्रश्न (नांदेडहून एक वाचक) : कागदपत्रे आणि शाकाहारी जेवण यांबाबत थोडक्यात मार्गदर्शन करावे.

उत्तर : मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो म्हणून मुलांचाही तेवढाच असेल असे गृहीत धरले जाते आणि तेथेच फसगत होते. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षे किंवा वयाची 18 वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांतील जे आधी येईल तोवरच चालतो. प्रवासासाठी तो पुढे किमान सहा महिने वैध असावा लागतो. म्हणजे साडेसतरा वर्षे उलटलेल्या मुलाचा असा पासपोर्ट हातात असूनही निरुपयोगी ठरू शकतो. 15 ते 18 वयोगटातील मुलांसाठी दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, तोच घ्यावा. प्रवेशाची ऑनलाइन परवानगी श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावी, कारण तशाच दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर जादा पैसे घेतले जातात. शुल्काचे नियम बदलत राहतात, ते निघण्याच्या महिन्यात पाहावेत. यूपीआयची सोय तेथे फेब्रुवारी 2024 पासून सुरू झाली आहे, तरी लहान दुकानांसाठी रोख रक्कम जवळ असावी.

जेवणात भात, नारळाच्या दुधातील डाळ, फणसाची भाजी आणि शेवया सगळीकडे मिळतात. ओल्या नारळाच्या तिखट चटणीत मात्र सुक्या मासळीचा चुरा घालण्याची पद्धत आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून "मासळी नको" असे प्रत्येक ठिकाणी वेगळे सांगावे. देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून स्वतःचे छायाचित्र काढणे तेथे अपमानाचे मानले जाते. मुलांकडून हे नकळत घडते, म्हणून विमानात बसण्यापूर्वीच सांगावे.

प्रश्न (जालना जिल्ह्यातून एक 16 वर्षांची वाचक) : आम्ही श्रीलंकेला जाणार आहोत आणि त्याच चार दिवसांत माझी पाळी येईल. आई म्हणते, मेडिकलमधून पुढे ढकलण्याची गोळी आणू. मला भीती वाटते, पण वडील आणि भाऊ बरोबर असताना बोलताही येत नाही.

उत्तर : बाळ, तू विचारलेस हे फार चांगले केलेस. ही गोळी दुकानातून परस्पर आणून घेण्याची नव्हे. ती संप्रेरकाची असते, काही मुलींना ती चालत नाही, आणि तुझी प्रकृती, आधीचे आजार व इतर औषधे पाहूनच स्त्रीरोगतज्ज्ञ तिच्याविषयी ठरवू शकतात. आईला घेऊन निघण्याच्या निदान महिनाभर आधी त्यांना भेट. गोळी न घेताही प्रवास उत्तम होऊ शकतो. पॅड येथूनच पुरेसे घेऊन जा, कारण सवयीचे तेथे मिळेलच असे नाही, आणि ते चेक-इन बॅगेत न ठेवता जवळच्या पिशवीत ठेव. दमट हवेत ते नेहमीपेक्षा लवकर बदलावे लागतात, नाहीतर मांड्यांना पुरळ येते. गडद रंगाचे, सैल सुती कपडे घे. त्या दिवसांत समुद्रात उतरायचे नसेल तर "आज मला पाण्यात जायचे नाही" इतके वाक्य पुरे आहे. त्यापुढे कोणी विचारू नये, हे वडिलांना आणि भावाला आधी समजावून सांगण्याचे काम आईचे आहे. हे उत्तर तिला वाचायला दे.