रग्बीसाठी पदवी सोडावी का?

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे. दोन वर्षे शंभर मीटर धावल्यानंतर ती रग्बीकडे वळली असून, आंतरराष्ट्रीय खेळाडू व्हायचे असल्याने पदवीला प्रवेश घेणार नाही असे म्हणते. आम्ही तिला अडवावे का?

उत्तर : रग्बीपासून तिला मुळीच अडवू नका, पदवीचा प्रवेश मात्र सोडू देऊ नका. तिने सुरुवात उशिरा केली, ही शंका असेल तर ती मनातून काढून टाकावी. न्यूझीलंडची पोर्शिया वुडमन आधी नेटबॉल खेळत होती आणि २०२२ मध्ये तीच महिला विश्वचषकाच्या इतिहासात सर्वाधिक ट्राय (प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणे) करणारी खेळाडू ठरली. आपल्या मुलीचा वेग ही मोठीच जमेची बाजू आहे, विशेषतः २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या सात जणींच्या रग्बीत.

प्रश्न आहे तो उपजीविकेचा. २०१४ चा विश्वचषक इंग्लंडने जिंकला तेव्हा कर्णधार केटी मॅक्लीन प्राथमिक शाळेत शिकवत होती. विश्वचषक ज्या प्रकारात होतो, त्या पंधरा जणींच्या संघासाठी पूर्णवेळ करार तिथे २०१९ मध्ये आले. २०२५ च्या अंतिम सामन्याला लंडनमधल्या ट्विकनहॅम मैदानावर ८१,८८५ प्रेक्षक होते, पण त्याच सामन्यात खेळलेल्या कॅनडाला स्पर्धेच्या तयारीसाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली होती. जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघाची ही स्थिती पाहता, केवळ खेळाच्या मानधनावर आयुष्याची आखणी करण्याचा सल्ला मी देणार नाही.

दुखापतीचाही विचार हवा. गुडघ्यातला एसीएल हा बंध तुटला तर बहुधा नऊ महिने ते वर्षभर मैदान सुटते, आणि ही दुखापत मुलींमध्ये अधिक आढळते. म्हणून क्लब निवडताना आपण स्वतः एक सराव पाहावा. टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणारीला धरून खाली पाडणे, शिकवताना प्रशिक्षक मुलींना आधी गुडघ्यावर बसवून सावकाश करायला लावतात का, डोके समोरचीच्या पुढ्यात न आणता बाजूला ठेवून, गाल तिच्या कमरेला टेकवून, मग खांदा आणि दोन्ही हातांची घट्ट मिठी, हा क्रम घटवून घेतात का, ते बारकाईने पाहा. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला तत्काळ बाहेर काढावे, असा या खेळाचा दंडक आहे. तो न पाळणाऱ्या क्लबात, तो कितीही सामने जिंकत असला तरी, मुलीला पाठवू नका.

महाविद्यालय निवडताना संघाच्या दौऱ्यांसाठी हजेरीत सवलत आणि परीक्षा पुढे देण्याची मुभा मिळेल का, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्या, आणि त्या भेटीला मुलीलाही बरोबर न्या.