सोळाव्या वर्षी लग्न, 'आमच्या पंथात चालतं' म्हणतात. थांबवता येईल का?

प्रश्न असा आहे: "आम्ही बडोद्याचे. मैत्रिणीची धाकटी बहीण सोळा वर्षांची, दहावीत आहे. पंथातल्या मोठ्यांनी तिचं लग्न ठरवलंय. मुलगी वयात आली की आमच्यात चालतं, म्हणतात. थांबवता येईल का? तक्रार केली तर माझं नाव बाहेर येईल का?"

पंथ कोणता ते लिहिलं नाहीत, बरं केलंत. नाहीतर निम्मी उत्तरं त्या पंथाला शिव्या घालण्यात गेली असती. 2006 चा बालविवाह प्रतिबंध कायदा देशातल्या सगळ्या नागरिकांना लागू आहे. वगळलेत ते फक्त पुदुच्चेरीचे 'रेनोन्साँ', म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी फ्रेंच अमदानीत आपला वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच कायदा घेतला ते. तुमचा पंथ त्यातला नसावा. प्रश्न मुस्लिम कुटुंबाचा असेल तर गुजरात उच्च न्यायालयाने 2015 मध्येच सांगितलंय की हा विशेष कायदा वैयक्तिक कायद्याच्या वर आहे. धर्मग्रंथात काय लिहिलंय यावर त्या मोठ्यांशी वाद घालू नका, त्यात ते तुम्हाला आठवडाभर अडकवतील आणि तोवर मांडव पडेल. भांडायचं ते वयाच्या कागदावर.

आधार कार्ड बाजूला ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट म्हटलंय की ते जन्मतारखेचा पुरावा नाही. आधारवर 1 जानेवारी दिसली तर जास्तच सावध व्हा, नुसतं साल सांगितलं की बहुतेकदा तीच तारीख पडते. बाल न्याय कायद्याच्या कलम 94 मधला क्रम असा: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. त्या तपासणीत दोनेक वर्षं इकडेतिकडे होतात. सोळा-सतराच्या मुलीला तेवढ्यात कायद्यानं 'मोठी' करता येतं, म्हणून घरचे पुष्कळदा स्वतःहून तिचाच आग्रह धरतात. धरू देऊ नका.

जन्मदाखला दाखवला तर जन्मतारीख नंतर वाचा, आधी नोंदणीची तारीख बघा. मुलगी सोळा वर्षांची आणि नोंदणी गेल्या महिन्यातली असेल तर तो दाखला लग्नासाठीच काढलेला आहे. त्याच्यासमोर ठेवायचा तो पहिलीतल्या प्रवेशाचा, शाळेच्या जनरल रजिस्टरचा (जीआर) उतारा. तो तुम्हाला मिळणार नाही, मागायलाही जाऊ नका. शाळेचं नाव, इयत्ता आणि जमल्यास जीआर नंबर एवढं सांगा, अधिकाऱ्यानं पत्र दिलं की मुख्याध्यापक उतारा देतात.

या कागदाचं महत्त्व एका फाइलवरून सांगते, ओळख पटेल असं सगळं गाळून. 2018 ची अखात्रीज, म्हणजे अक्षय्य तृतीया. मोठ्या बहिणीचं लग्न, तिच्याच मांडवात धाकटीचंही उरकायचं असा बेत, कंकोत्रीवर, म्हणजे लग्नपत्रिकेवर, नाव फक्त मोठीचं. धाकटीच्या आधारवर 01/01/2000, बापाकडे त्याच तारखेचा जन्मदाखला, नोंदणी फेब्रुवारी 2018 ची. शाळेच्या रजिस्टरात 14/08/2001, म्हणजे लग्नाच्या दिवशी सोळा वर्षं आठ महिने. कुणीतरी हळदीच्या संध्याकाळी फोन केला. एका संस्थेचे कार्यकर्ते आणि दोन पोलीस आले, स्टँप पेपरवर बापाकडून हमीपत्र घेतलं की अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, बापासोबत फोटो काढला आणि निघून गेले. पहाटे चारला दोन तालुके पलीकडच्या एका देवळात लग्न लागलं.

आता माझा मुद्दा. आमच्याच वकील मंडळींतले एक ज्येष्ठ आजही म्हणतात, हमीपत्र घेतलं की बापावर वचक बसतो, कोर्टात कशाला जायचं. साहेब, वचक म्हणजे काय? हमीपत्र मोडलं म्हणून लग्न रद्द होत नाही. या कायद्यात बालविवाह आपोआप रद्द नाही, तो 'रद्द करून घेता येण्याजोगा' आहे. म्हणजे पहाटे चारला लागलेलं ते लग्न मुलीनं स्वतः कोर्टात जाईपर्यंत कायद्याच्या लेखी उभंच राहिलं. तेच कलम 13 खाली प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा मनाई हुकूम दोन दिवस आधी असता, तर कलम 14 प्रमाणे ते मुळातच रद्दबातल ठरलं असतं, लागलंच नाही असं. शिवाय हुकूम मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. हमीपत्र आणि हुकूम यात एवढं अंतर आहे, आणि वर्तमानपत्रात फोटो मात्र हमीपत्राचा येतो.

म्हणून फोन लग्नाच्या दिवशी करू नका, निदान पाच-सहा दिवस आधी करा. मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर, किंवा आपल्याकडे गुजरातेत बायकांसाठीची 181 अभयम हेल्पलाइन आहे. फोनवर 'बालविवाह होतोय' एवढंच सांगून थांबू नका. मुलीचं नाव, शाळा, मांडवाची जागा, तारीख, मुहूर्ताची वेळ, नवऱ्या मुलाच्या बापाचं नाव आणि गाव, विधी कोण करणार, हे सगळं सांगा. बहिणीच्या मांडवात उरकणार असतील तर तेही, कारण कंकोत्री बघून अधिकारी परत जातो. गुजरातेत बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याचं काम जिल्हा समाज सुरक्षा अधिकाऱ्याकडे असतं. त्यांना कलम 13 चा अर्ज करायला सांगा, आणि मनाई एकट्या बापावर मागू नका. नवऱ्याचा बाप, विधी करणारा, हॉलवाला, पंथाचे पदाधिकारी, सगळ्यांची नावं अर्जात घाला. संस्थेच्या सदस्यांवरही मनाई काढता येते असं कलमातच आहे. एकट्या बापावरचा हुकूम घेऊन बसलात की वऱ्हाड छोटा उदेपूरच्या पुढे अलीराजपूरला जातं आणि काका कन्यादान करतो. वेळ कमी असेल तर नोटीस न काढता अंतरिम हुकूम मिळतो, पण तो मागावा लागतो.

त्या फाइलचं पुढं काय झालं? माझ्या टेबलावर ती जून 2021 मध्ये आली. मुलगी माहेरी परतलेली. कलम 3 प्रमाणे लहानपणी लागलेलं लग्न रद्द करून घ्यायचा हक्क सज्ञान झाल्यावर दोन वर्षं राहतो, म्हणजे मुलीला विसावा वाढदिवस येईपर्यंत. तिच्या हातात दोन महिने होते, आणि हे तिला तोवर कुणीही सांगितलं नव्हतं, हमीपत्रवाल्यांनी तर नाहीच. अर्ज कुटुंब न्यायालयात, ती सध्या राहते तिथेच करता येतो, सासरच्या गावी जावं लागत नाही. सासरच्यांनी उत्तरात काय लावलं? बापानं 2018 साली काढलेला तोच जन्मदाखला. लग्नात ती सज्ञान होती, म्हणून हा कायदाच लागू नाही. ज्या खोट्या कागदानं लग्न लावलं, तोच सुटकेच्या आड आला. पहिलीच्या प्रवेशाची ती एक ओळ नसती तर अर्ज तिथेच संपला असता.

लग्न रद्द झालं तरी पुन्हा लग्न करेपर्यंत पोटगी आणि राहण्याची सोय मागता येते (कलम 4), एकमेकांना दिलेले दागिने आणि पैसे परत करायचे असतात, मूल असेल तर ते औरसच. लग्न पंधराच्या आत लागलं असेल तर हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाची वेगळी वाट आहे, 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातही आहे, पण दोन्हीकडे अठरापूर्वी लग्न नाकारावं लागतं आणि मुस्लिम कायद्यात शरीरसंबंध झालेला नसावा अशी अट आहे. 2006 चाच रस्ता धरा.

आता 'हे आपल्यात होत नाही' म्हणणाऱ्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी मंडळींसाठी. सयाजीरावांनी 1904 मध्ये बडोद्यात बालविवाहाविरुद्ध कायदा केला, मुलीचं वय 12, मुलाचं 16. देशभरच्या 1929 च्या बालविवाहविरोधी शारदा कायद्याच्या पंचवीस वर्षं आधी. अभिमान जरूर बाळगा. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 20 ते 24 वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्या गुजरातेत 21.8 टक्के, आणि महाराष्ट्रात 21.9. कुणाच्या पंथाकडे बोट दाखवताय?

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मुलगी बाल कल्याण समितीपुढे जाईल आणि काही दिवस निवारागृहात राहावं लागू शकेल. तिला हे आधी कळू द्या, नाहीतर घाबरून 'मी अठराची आहे' असं तीच सांगेल. आणि लग्न होऊन ती गरोदर राहिली तर दवाखान्याला पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावंच लागतं, त्या भीतीनं सासरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत.

तुमच्या नावाचं म्हणाल तर 1098 वर नाव न सांगताही चालतं. कलम 13 च्या अर्जावर मात्र कुणाची तरी सही लागते, ती अधिकाऱ्याचीच असू द्या. घरचे कुणावर संशय घेतील ते तुमच्या मैत्रिणीनं तिथं किती तोंड उघडलंय त्यावर आहे.