मॉरिस मायनरचं पुढचं सस्पेन्शन: पूर्ण सेट घेण्याआधी खालचा ट्रनियन बघा

तुम्ही विचारलंय की आजोबांची १९५५ ची मॉरिस मायनर खड्ड्यात पुढून खडखडते, मेकॅनिक म्हणतो ‘पूर्ण सेट बदला’, तर बदलावा का? माझं म्हणणं, सेटचं नंतर बघू. पण पुढे दिलेली तपासणी होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

मी बडोद्याचा, गाडी हीच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कारेलीबागेत शिरलं तेव्हा ती दोन दिवस हब बुडेल एवढ्या पाण्यात उभी होती. नंतर इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं उघडून बघितलं. पुढच्या सस्पेन्शनला ‘फक्त ग्रीस मारा’ म्हणून एका गॅरेजात सोडली. त्यांनी गाडी जमिनीवर उभी असतानाच दोन-दोन पंप मारले, निपल (ग्रीस भरायची तोंडं) पुसले आणि चावी हातात दिली. चार महिन्यांनी फाटकातून रिव्हर्स घेत होतो, स्टिअरिंग पूर्ण वळलेलं. कट्ट असा आवाज झाला, डावं चाक आत दुमडलं आणि मडगार्ड टायरवर येऊन बसलं. आई गॅलरीतून म्हणाली, “बसली का रे?” बसलीच होती. हे हायवेवर झालं असतं तर हे उत्तर लिहायला मी नसतो.

या गाडीला पुढे बॉल जॉइंट नाहीत. चाक ज्या उभ्या स्विव्हल पिनवर वळतं तिच्या दोन्ही टोकांना आटे असतात आणि त्यांवर ट्रनियन नटासारखे चढवलेले असतात. स्टिअरिंग वळवलं की पिन त्या आट्यांत फिरते. टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारी पिळलेली सळई, खालच्या आर्मला (चाक धरणाऱ्या दांड्याला) खाली दाबत असतो, म्हणजे त्या कोपऱ्याचा सगळा भार खालच्या ट्रनियनला पिनवरून खाली ओढतो. त्याला धरून ठेवतात ते फक्त आटे. माझी पिन काढली तेव्हा आत दुधाळ कॉफीसारखा चिखल होता. आट्यांचे माथे सपाट असायला हवेत, ते सुरीच्या धारेसारखे झाले होते. नख फिरवलं तर चरा उठत होता.

आता तपासणी. चाक जमिनीवरून उचला आणि चासिसखाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर भरवसा नको. टायर वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर ट्रनियन किंवा त्याच्या वरचं काही. मग टायरखाली पहार घालून चाक अलगद वर उचला. पिन ट्रनियनमध्ये वर-खाली सरकताना दिसली तर आटे गेले. तिथे ‘अजून थोडं चालेल’ असं काही नसतं.

वरचा आर्म म्हणजे शॉकॲब्सॉर्बरचाच दांडा. खालच्या आर्मखाली जॅक देऊन तो सुटा करा आणि हाताने वर-खाली करा. वर-खाली दोन्हीकडे सलग जोर लागायला हवा. मध्येच मोकळा वाटला तर तेल कमी आहे किंवा शॉक गेलाय. खडखड बऱ्याचदा इथूनच येते, नाहीतर आर्मच्या रबर बुशातून (सांध्यातल्या रबरी नळीतून). हे दोन्ही सेटपेक्षा खूप स्वस्तात निघतं.

बुशांच्या आतल्या नळ्या, वॉशर वगैरे मी इथल्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) लेथवर करून घेतलं आणि समाधानी आहे. पिन मात्र वेल्डिंगने भरून पुन्हा आटे पाडतो म्हणणाऱ्याला हात जोडा. पिन आणि ट्रनियन ब्रिटनमध्ये अजून नवे मिळतात. कस्टम्स भरून जड जातं, पण तेच मागवा. मागवताना बाजू नीट सांगा, डावे-उजवे एकमेकांना चालत नाहीत.

काम घरी करणार असाल तर टॉर्शन बारचं भान ठेवा. खालच्या आर्मखाली जॅक देऊन मगच वरचं टोक सोडा आणि जॅक सावकाश उतरवा. बसवताना ट्रनियन पूर्ण चढवून थोडा मागे फिरवायचा, म्हणजे स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळतं. रबर बुशांचे नट गाडी चाकांवर उभी केल्यावरच कसायचे. अधांतरी कसले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. अलाइनमेंटवाल्याच्या कॉम्प्युटरात ही गाडी बहुतेक सापडणार नाही. टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूने किती आत वळलेली ते) ३/३२ इंच सांगा, बाकी ॲडजस्ट करण्यासारखं काही नाही.

ग्रीस हजार मैलांना, म्हणजे साधारण सोळाशे किलोमीटरला. चाक उचलूनच मारायचं, कारण भार असताना आटे ज्या बाजूने घट्ट टेकलेले असतात तिथे ते शिरत नाही. मध्ये स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि जुना काळा मळ संपून नवं ग्रीस दिसेपर्यंत थांबू नका. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा झाला, तेव्हा सगळे क्रोमचे फोटो काढत होते आणि मी वाकून निपल शोधत होतो. बायकोने ओळख दाखवली नाही.

पहार लावल्यावर कुठली बाजू किती हलली ते लिहा, मग काय मागवायचं ते सांगतो.