आधी बाहेर पडायचा भाव लिही

प्रिय मित्रा,

तुझा शेअरचा चार्ट पाहिला. किती ते इंडिकेटर, म्हणजे भावावरून काढलेली मापं! खाली आरएसआय, त्याखाली स्टोकॅस्टिक, त्याखाली एमएसीडी, वर बोलिंजर बँड आणि तीन सरासऱ्या. या गर्दीत भाव कुठे आहे ते शोधावं लागलं. आणि तुझा प्रश्न काय, तर आरएसआय 76 वर जाऊन ‘विक’ म्हणतोय, एमएसीडीने मात्र नुकताच वर क्रॉसओव्हर दिलाय, म्हणजे त्याची रेषा सिग्नल रेषेच्या वर जाऊन ‘घे’ म्हणतेय, मग ऐकायचं कोणाचं?

कोणाचंच नाही. अरे, ते भांडतच नाहीयेत. आरएसआय मागच्या 14 कॅंडलमधल्या चढ-उताराचा हिशेब मांडतो (एक कॅंडल म्हणजे एका दिवसाची किंवा ठरावीक वेळेची भावाची हालचाल), एमएसीडी 12 आणि 26 कॅंडलच्या सरासऱ्यांमधलं अंतर. आरएसआय 80 झाला म्हणजे सरासरी वाढ सरासरी घसरणीच्या चौपट आहे, एवढंच. उद्याबद्दल त्यात अक्षर नाही. जोरदार ट्रेंडमध्ये तो आठवडेच्या आठवडे 70 च्या वर बसून राहतो आणि ‘ओव्हरबॉट’, म्हणजे फार चढलाय, म्हणून शॉर्ट करणारे (आधी विकून नंतर स्वस्तात घेऊ बघणारे) कापले जातात. सगळे इंडिकेटर झालेल्या भावातूनच निघतात, त्यामुळे ते वरातीमागून घोडं असणारच. आरएसआय आणि स्टोकॅस्टिक दोन्ही लावून ‘दुहेरी खात्री’ झाली असं तू लिहिलंयस. दोघंही मोमेंटमच, म्हणजे भावाचा जोरच मोजतात. एकाच साक्षीदाराला दोनदा बोलावून काय मिळणार?

मी विचारतो ते सांग: तू चुकलास हे कोणत्या भावाला मान्य करशील? अख्ख्या पत्रात हा आकडा नाही.

आरएसआय वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडला. त्याच वर्षी त्यांनीच एटीआरही दिला: शेअर सरासरी किती हलतो, याचं माप. पहिला सगळ्यांच्या तोंडी, दुसऱ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, कारण तो ‘घे’ किंवा ‘विक’ म्हणत नाही. पण बाहेर पडायचा भाव ठरवायला तोच लागतो. समज, शेअर 500 ला आहे, एटीआर 12. दीडपट धरली तर 18. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला बाहेर पडायचा भाव, 482. आता एका सौद्यात 1,800 च्या वर गमवायचे नसतील तर शेअर शंभरच. झालं! किती घ्यायचे हेही यातूनच ठरलं. 498 ला स्टॉपलॉस लावून ‘बाजार मलाच हेरतो’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आलाय. शेअर रोज 12 हलत असेल तर 2 चं अंतर टिकेल कसं?

म्हणून पुन्हा सांगतो, एंट्रीच्या आधी बाहेर पडायचा भाव लिही. कागदावर. घेतल्यानंतर ठरवलास तर तो तुझी आशा ठरवते, आणि आशा त्याला रोज थोडा खाली ढकलते.

माझ्या चार्टवर एक सरासरी, व्हॉल्यूम आणि एटीआर एवढंच असतं. लोक जुनाट म्हणतात, म्हणू देत. त्यांच्या स्क्रीन रंगीत आहेत, पण 482 कुठे आहे विचारलं की गप्प होतात. यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. खरं तर घालून घालून काही जुने सोबती दुरावलेत, त्याचं वाईट वाटतं. मत मात्र बदलणार नाही.

डायव्हर्जन्सबद्दल, म्हणजे भाव एकीकडे आणि इंडिकेटर दुसरीकडे जातो त्याबद्दल, विचारलंयस. मागचा चार्ट पाहताना ते फार छान दिसतं, चालू बाजारात मात्र तीन-तीनदा दिसून फसतं. सध्या सोड. आणि कॅंडल बंद व्हायच्या आधी सिग्नल मोजू नकोस. तोवर आरएसआयचा आकडा भावाबरोबर हलत असतो, दुपारी दिसलेला क्रॉसओव्हर बंद होताना गायब झालेला असतो.

एक राहिलंच. कंपनीच्या निकालाच्या आदल्या रात्री 482 चा काही भरवसा नाही. सकाळी शेअर थेट 450 ला उघडला तर स्टॉपलॉस तिथेच सुटेल आणि 1,800 चे 5,000 होतील. त्या दिवशी पोझिशन, म्हणजे हातातले शेअर, कमी कर नाहीतर बाहेर राहा, मग एमएसीडी काहीही म्हणो.

तुझा,
काका