गोधडीचे टाके टिपताना: आधी फोकस सांभाळा

गोधडीच्या टाक्यांचा तुमचा जवळून घेतलेला फोटो आणि लेन्सबद्दलची शंका वाचली. विषय झकास निवडलात. मधला टाका धारदार आणि कडा धूसर आल्यात, पण त्यात लेन्सचा दोष नाही. १:१ मॅक्रोला (म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा) फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर एफ/८ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा, छिद्र लहान) जेमतेम १ मिलिमीटर खोली फोकसमध्ये राहते. म्हणून आधी सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) कापडाला समांतर ठेवा; निम्मं काम तिथेच होतं.

- ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट दृश्य) मोठा करा, एकाच धाग्यावर नजर ठेवा आणि कॅमेराच किंचित पुढे-मागे सरकवा.
- एफ/८ ते एफ/११ पुरे. बरेच नवखे थेट एफ/२२ वर जातात. तिथे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळाच फोटो मऊ पडतो.
- ट्रायपॉड, २ सेकंदांचा टायमर. आणि पंखा बंद!

फोकस स्टॅकिंगच्या (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करण्याच्या) मागे आत्ताच लागू नका. खिडकीचा तिरपा उजेड घ्या, टाके उठून दिसतील. पुढचा फोटो नक्की दाखवा.