वाचकांचे प्रश्न : ६७५ पटींचा मोह

प्रश्न : आमच्या आठवीतल्या मुलासाठी आम्ही ११४ मिलिमीटर व्यासाच्या आरशाची, ९०० मिलिमीटर नाभीय अंतराची (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतच्या अंतराची) परावर्ती दुर्बीण घेतली. सोबत २० आणि ४ मिलिमीटरच्या दोन नेत्रिका (डोळा लावायची भिंगे) आणि प्रतिमा आणखी तिप्पट मोठी करणारे बार्लो भिंग मिळाले. खोक्यावर ‘६७५ पट’ असे छापले आहे, पण गच्चीवरून ४ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून गुरू नुसता थरथरणारा पांढरा डाग दिसतो. अनेक नेत्रिका आणि रंगीत फिल्टर असलेली तयार पेटी घ्या, असे दुकानदार सुचवतात. मुलाला चष्मा आहे. काय घ्यावे?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : पेटी घेऊ नये. तिच्यातल्या दोनच नेत्रिका वापरल्या जातात आणि बाकीच्या कपाटात पडून राहतात, असा अनुभव आहे.

खोक्यावरचा आकडा खोटा नाही, मात्र तो कामाचाही नाही. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की विशालन, म्हणजे प्रतिमा किती पट मोठी दिसेल तो आकडा, मिळतो. ९०० ला ४ ने भागून २२५ आणि त्याला बार्लोच्या तिनाने गुणून ६७५. परंतु आरशाने गोळा केलेला प्रकाश तेवढाच राहतो आणि प्रतिमा जितकी मोठी करावी तितकी ती मंद आणि धूसर होत जाते. आरशाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरमागे दोन पट ही व्यवहारातली कमाल मर्यादा मानतात. आपल्या दुर्बिणीला ती सुमारे २२८ येते. म्हणजे ४ मिलिमीटरची नेत्रिका बार्लोशिवायच मर्यादेला टेकते, आणि तीही हवा अगदी स्थिर असेल तर. आपल्याकडे दिवसभर उन्हात तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्या वर चढणाऱ्या हवेतून पाहिलेला गुरू वाहत्या पाण्याखालच्या नाण्यासारखा हलतो. दुर्बीण अंगणात मातीवर किंवा गवतावर मांडावी. ते शक्य नसेल तर पहाटेची वेळ निवडावी. थंडीत घरातून बाहेर आणल्यावर आरसा निवायला अर्धा तास द्यावा.

खरेदीपूर्वी एक प्रयोग करावा. २० मिलिमीटरची नेत्रिका लावून गुरू पाहावा. विशालन ४५ पट येईल, आणि गुरू पृथ्वीच्या जवळ असतो त्या महिन्यांत एवढ्या विशालनाला त्याची तबकडी साध्या डोळ्यांना चंद्र दिसतो साधारण तेवढी होते. भोवती मोजमापाला काही नसल्याने मुलांना ते पटत नाही, पण गणित तसेच आहे. दोन करडे पट्टे आणि एका ओळीतले चंद्र दिसले, तर दुर्बीण ठीक आहे असे समजावे.

पहिली खरेदी ३२ मिलिमीटरच्या प्लॉसल नेत्रिकेची करावी. व्हिएन्नातील प्लॉसल यांनी १८६० मध्ये केलेली ही रचना आजही नवशिक्यासाठी सर्वांत भरवशाची आहे. तिच्यातून २८ पट विशालन आणि सुमारे पावणेदोन अंशांचे आकाश मिळते. साडेतीन पूर्णचंद्र शेजारी शेजारी मावावेत एवढे. कृत्तिकांचा पुंजका त्यात मोकळेपणाने बसतो. खरेदीआधी दुर्बिणीची नेत्रिका बसवायची नळी सव्वा इंची असल्याची खात्री करावी, कारण काही जुन्या दुर्बिणींची ही नळी त्याहून अरुंद असते.

दुसरी नेत्रिका ९ किंवा १० मिलिमीटरची हवी. येथे चष्म्याचा प्रश्न येतो. नंबर केवळ लांबचा किंवा जवळचा असेल, तर चष्मा काढून फोकस फिरवला की काम भागते. सिलिंडरचा नंबर जास्त असेल, तर चष्मा ठेवूनच पाहावे लागते. प्लॉसल नेत्रिकेत डोळा भिंगापासून नाभीय अंतराच्या जेमतेम सत्तर टक्के अंतरावर न्यावा लागतो, म्हणजे १० मिलिमीटरच्या नेत्रिकेत सात मिलिमीटर. तेवढ्यात पापण्या काचेला लागतात आणि चष्मा तर मावतच नाही. म्हणून ही नेत्रिका रुंद दृश्यक्षेत्राची आणि डोळा पंधरा मिलिमीटर तरी दूर ठेवता येईल अशी घ्यावी, थोडी महाग पडली तरी. पैसे संपले तर येथेच थांबावे.

रंगीत फिल्टर नकोत. चंद्र फार प्रखर वाटला तर जवळचा एखादा दिवा लावून ठेवावा, म्हणजे डोळे तितके दिपत नाहीत. मात्र संचात नेत्रिकेला आट्याने बसवायची ‘सूर्य’ लिहिलेली काळी काच असेल, तर ती आजच फेकून द्यावी. आरशाने एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्यासाठी फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण व्यासाचाच हवा.

उरलेल्या पैशांतून लाल टिपक्याचा फाइंडर (दुर्बीण नेमकी रोखायला मदत करणारे साधन) घ्यावा. तिपाई डगमगत असेल, तर मधल्या तबकाला वाळूची पिशवी टांगावी. एवढ्या स्वस्तात दुसरी कोणतीही सुधारणा होत नाही. शहराचा उजेड कापणारे फिल्टर पांढऱ्या एलईडी दिव्यांपुढे फारसे चालत नाहीत. ती रक्कम पेंचच्या फेरीसाठी ठेवावी. २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. तिथल्या अंधारात ३२ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून मृग नक्षत्रातला तेजोमेघ पाहावा.

प्रश्न : पावसाळ्यानंतर नेत्रिकेच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. स्पिरिटने पुसावे का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ही बुरशी आहे. ती बाहेरच्या पृष्ठभागावर असेल, तर आधी फुंकणीने धूळ उडवावी आणि मग भिंगे पुसायच्या द्रावणाने, स्वच्छ मऊ कापडाने, अजिबात न दाबता पुसावे. आतल्या भिंगावर असेल, तर नेत्रिका स्वतः उघडू नये. मी एकदा उघडली होती. भिंगांचा क्रम विसरलो आणि नेत्रिका गमावली. आपल्याकडे पावसाळ्याइतकाच घातक म्हणजे कूलर. ज्या खोलीत तो चालतो तिथली दमट हवा भिंगांना सोसत नाही. नेत्रिका झाकणे लावून, घट्ट बंद होणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात. बाहेरून आणलेल्या नेत्रिकेवर दव असेल, तर ते पूर्ण वाळेपर्यंत झाकण लावू नये.