अधिकार सोपवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पतसंस्थेचा व्यवस्थापक आहे. सोनेतारण कर्जमंजुरी शाखाधिकाऱ्यांकडे सोपवली, तरी प्रत्येक प्रकरण माझ्याकडेच येते. काय करावे?

उत्तर : आपण काम सोपवले, अधिकार मात्र बहुधा आपल्याकडेच राहिला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७३ नुसार संस्थेचे व्यवस्थापन समितीकडे, म्हणजे संचालक मंडळाकडे, असते. म्हणून मंजुरीची मर्यादा तोंडी न सांगता, रक्कम आणि मूल्यांकनाच्या अटींसह, समितीच्या ठरावाने लेखी ठरवून घ्यावी. मर्यादेतले प्रकरण तरीही आपल्याकडे आले, तर त्यावर निर्णय न देता ते परत पाठवावे. माझ्या मते सर्वांत कठीण आणि सर्वांत आवश्यक भाग हाच आहे. समितीपुढे उत्तरदायी आपणच राहता, तेव्हा मंजूर प्रकरणांपैकी काहींची नंतर तपासणी अवश्य करावी, आणि चूक आढळल्यास शाखाधिकाऱ्याशी एकांतात बोलावे.